गव्हाच्या मजुरीवर अडवलेले पाणी

बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा ओलांडला की जमिनीचा रंग पालटतो. कालव्याखाली ऊस, केळी, मळ्यातली पक्की घरे आणि साखर कारखान्यांची धुराडी. कालव्याच्या वर सुपे, मोरगाव, उंडवडी, शिर्सुफळ हा जिरायती पट्टा. तिथे मुरमाड माळ, बाजरी-ज्वारी, मेंढरांचे वाडे, आणि संक्रांतीनंतर तळ दाखवू लागणाऱ्या विहिरी. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हा खरा. १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने हा कालवा काढला आणि एका तालुक्याचे बागायती आणि जिरायती असे दोन भाग झाले. सोयरीक जुळवताना आजही मुलगा कालव्याच्या कुठल्या अंगाचा, हे विचारले जाते.

या मुलखाची गरिबी सरकारदरबारी फार जुनी आहे. इंदापूर तालुक्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने लावलेल्या जबर साऱ्याने रयत गावे सोडून गेली, म्हणून १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत याच तालुक्यापासून सुरू केली. ती पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात तिथली. साऱ्याने, सावकाराने आणि पावसाने अशा तिन्ही बाजूंनी नाडलेल्या या प्रदेशात पाणी अडवण्याची एक मोठी चळवळ उभी राहिली. तिच्या मजुरीचे धान्य चर्चकडून आले होते. बारामतीच्या विकासाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांत ही गोष्ट एखाद्या वाक्यात उरकली जाते, आणि ख्रिस्ती मंडळींनाही ती पुरती ठाऊक नसते. मला ती सविस्तर सांगावीशी वाटते, कारण सृष्टीची काळजी म्हणजे चर्चने नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर इथल्या मातीत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच दिले गेले आहे.

बारामतीत आलेले मिशन ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’चे. या परंपरेत बिशप नाही, धर्मप्रांत नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मिशनऱ्यांनी बारामती, श्रीगोंदा, दौंड, इंदापूर या भागात शाळा, वसतिगृहे, दवाखाने काढले. बारामतीत त्यांच्याकडे आणखी एक काम होते: ज्यांना इंग्रज कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या जमातींची वसाहत सरकारने या मिशनच्या ताब्यात दिली होती. तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवायची, हजेरी घ्यायची आणि त्याच माणसांच्या मुलांना अक्षरे शिकवायची, अशी दोन्ही कामे एकाच हाताने होत होती. चर्चच्या चांगल्या कामाची आठवण काढताना ही बाजू झाकून ठेवणे मला पटत नाही. वसाहतीतल्या माणसांचे श्रमही या भागाच्या जडणघडणीत आहेत, आणि त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत.

शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, दुष्काळ आणि चर्च यांची गाठ आधीच पडलेली होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे अँग्लिकन पंथाच्या भगिनीसंघात झाला. पुढे त्या कुठल्याच एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि त्यांना केडगावच्या माळावर वसवले. १९००पर्यंत त्यांच्या या मुक्ती मिशनमध्ये दीड हजार माणसे आणि शंभरावर गुरे होती. एवढ्या तोंडांना पाणी पाजायचे तर विहिरी खणणे भागच होते. फळझाडे, भाजीपाला, गोठा, दुधदुभते हे सगळे प्रार्थनेच्या बरोबरीने चालले. रमाबाईंच्या विद्वत्तेवर आणि धर्मांतरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोरड्या रानात हजार-दीड हजार माणसांचे गाव चालवणारी पाण्याची कारभारीण म्हणून त्यांच्याकडे फार कमी पाहिले गेले.

आता साठच्या दशकाचा उत्तरार्ध. बारामतीच्या मिशनमध्ये एडना व्हॉसर या ऑस्ट्रेलियन बाई बरीच वर्षे काम करत होत्या. जिरायती भागात ओळीने वाईट वर्षे आली होती. १९६७ साली बारामतीतून शरद पवार नावाचा तरुण पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेला. ‘कासा’ ही भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची सामायिक मदत संस्था. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली उभी राहिलेली ही संस्था या सुमारास ‘कामाच्या बदल्यात धान्य’ या तत्त्वावर गहू आणि तेल देत होती. व्हॉसरबाई, पवार आणि त्यांचे थोरले बंधू अप्पासाहेब यांनी हे धान्य पाझर तलावांच्या कामाला लावले. तांदूळवाडीच्या तलावाचे नाव या कामांच्या आरंभाला घेतले जाते. मग जिरायती गावांत एकामागून एक तलाव झाले. पवारांनी या बाईंची आणि त्या गव्हाची आठवण पुढे जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. १९७१ साली अप्पासाहेबांच्या पुढाकाराने ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आज शारदानगरच्या शाळा-महाविद्यालयांसाठी आणि कृषी विज्ञान केंद्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची पहिली ओळख पाझर तलाव हीच होती.

पाझर तलाव म्हणजे काय, हे शहरी वाचकासाठी थोडे सांगायला हवे. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा. पायात मुरूम उकरून खडकापर्यंत चर खणायचा आणि तो काळ्या चिकणमातीने कुटून भरायचा, म्हणजे बांधाखालून पाणी निसटत नाही. वर भराव, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, एका बाजूला जादा पाणी जाण्यासाठी सांडवा. याला कालवा नसतो, दार नसते, मोट नसते. साठलेले पाणी कुणी उचलायचे नाही. ते तळातून मुरायचे. दख्खनचा काळा खडक वरून अभेद्य दिसतो, पण त्याला भेगा असतात आणि त्याच्यावर कुजलेल्या खडकाचा, म्हणजे मुरमाचा, थर असतो. पाणी त्यातून हळूहळू खाली सरकते आणि बांधाच्या खालच्या विहिरींत उतरते. पावसाळ्यात ओढ्याने दोन दिवसांत वाहून जाणारे पाणी असे महिनोन्‌महिने जमिनीच्या पोटात राहते. पाझर तलाव उन्हाळ्यात कोरडा दिसला म्हणून तो वाया गेला, असे समजू नये. तळ पाझरून कोरडा पडला असेल तर त्याने काम केले आहे. पाणी नुसतेच उन्हाने उडून गेले असेल तर मात्र केले नाही.

कामाचे माप ब्रासवर होते. शंभर घनफूट माती म्हणजे एक ब्रास. टिकाव, फावडे, घमेले आणि बैलगाडी एवढीच यंत्रसामग्री. आठवड्याला माप घ्यायचे आणि त्या हिशेबाने गहू मोजून द्यायचा. रोख पैशापेक्षा या मजुरीचा फायदा बायकांना अधिक झाला, असे मला वाटते. पैसा वाटेत खर्च होतो, गव्हाचे पोते घरी येते. खाल्लेला गहू संपला आणि बांध मागे राहिला. परदेशातून आलेले धान्य रांगेत उभे करून वाटता आले असते आणि त्या काळात ते तसे वाटलेही जात होते. बारामतीत ते ओढ्यावर आणून ठेवले गेले, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा.

लगेच १९७२चा दुष्काळ आला. मायलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडणारे हात हे त्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्राने रोजगार हमी योजना आणली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, आणि पाझर तलाव हे त्या योजनेचे नेहमीचे काम झाले. सरकारने ही कल्पना बारामतीकडूनच उचलली, असा दावा मी करत नाही. दुष्काळी कामातून तलाव बांधणे या भागाला नवीन नव्हते. शिर्सुफळचा आणि इंदापूर तालुक्यातला भादलवाडीचा तलाव इंग्रजी अमदानीतला आहे. बारामतीचे वेगळेपण असे, की गावकरी, एक लोकप्रतिनिधी आणि एक मिशनरी बाई यांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता कामाला हात घातला.

मग पाणी कुणाला मिळाले? बांध घालणारे हात बहुतांशी भूमिहीनांचे. या पट्ट्यातली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतून आलेली. कुणाकडे वतनाचा तुकडा, कुणाकडे तोही नाही. धर्म बदलला म्हणून १९५०च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलतीही गेल्या. तलाव भरला, पाणी मुरले आणि ज्याच्या शेतात विहीर होती त्याच्या विहिरीत उतरले. पुढे विजेची मोटार आली, मग बोअर, मग ऊस. मुरलेले पाणी सगळ्या गावाचे आणि उपसलेले पाणी एका सातबाऱ्याचे, हे महाराष्ट्राचे दुखणे इथेही तेच राहिले. पलीकडच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायतीत नेमके इथेच बोट ठेवले. पाणी एकरावर न देता माणशी द्यायचे, भूमिहीनालाही त्याचा वाटा द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. साळुंखे अभियंते आणि उद्योजक होते, त्यांच्या कामाचा चर्चशी संबंध नव्हता. पण न्यायाची जी शिकवण दर रविवारी व्यासपीठावरून दिली जाते, ती पाण्याच्या वाटपात उतरवून दाखवली ती त्यांनी. बारामतीच्या तलावांना अशी वाटपाची शिस्त जोडली गेली असती, तर बांध घालणाऱ्यांच्या नातवंडांना आज ऊसतोडीच्या आणि कारखान्याच्या दारी जावे लागले नसते. हे माझे मत आहे, आणि मी ते ठामपणे मांडतो.

बिशप असलेल्या चर्चचा विचार याच काळात वेगळ्या वाटेने पाण्याकडे येत होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चचे विलीनीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन चर्चही सामील झाले आणि नव्या चर्चने बिशपची परंपरा ठेवली. पुण्याच्या गुरुवार पेठेतले पंचहौदचे पवित्र नाम देवालय हे त्याच्या पुणे धर्मप्रांताचे मुख्य देवालय. जगभरच्या अँग्लिकन मंडळींनी १९८४ मध्ये चर्चच्या कार्याच्या चार खुणा ठरवल्या: शुभवार्ता सांगणे, नव्या विश्वासणाऱ्यांना शिकवणे, गरजूंची सेवा करणे आणि अन्यायी रचना बदलणे. सृष्टीचे जतन ही पाचवी खूण १९९० मध्ये जोडली गेली. ती शेवटी आली याचे वाईट वाटते. बारामतीत ती वीस वर्षे आधीच टिकाव-फावड्याने लिहिली गेली होती, तीही बिशप नसलेल्या मंडळीच्या पुढाकाराने.

तरीही अँग्लिकन परंपरेतली एक गोष्ट मला इथे फार उपयोगाची वाटते. इंग्लंडात पॅरिश म्हणजे आधी एक भूभाग. त्या शिवेच्या आत राहणारा प्रत्येकजण, चर्चला येवो न येवो, पाळकाच्या जबाबदारीत. वसंतात स्वर्गारोहणाच्या सणाआधी पाळक आणि गावकरी शेतांतून फिरून पिकांसाठी प्रार्थना करत आणि गावाची शीव पायांनी मोजत. आपल्याकडे मंडळी म्हणजे हजेरीपटावरची कुटुंबे. मिशनच्या आवाराची भिंत ही तिची शीव झाली, आणि आता त्या आवारांच्या जमिनींवरूनच ठिकठिकाणी कज्जे चालले आहेत. पाझर तलावाने मात्र मंडळीला दुसरी शीव दाखवली होती. तिला पाणलोट म्हणतात. माथ्यावर पडलेला थेंब जिथवर जातो, तिथवरचे सगळे एका पॅरिशचे: मारुतीच्या देवळामागचा धनगरवाडा, मशिदीशेजारची वस्ती, मिशनची चाळ, पाटलाचा मळा.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी ही शीव शास्त्रशुद्ध केली. ते कॅथलिक. १९४८ साली भारतात आले आणि २०२१ साली ९७व्या वर्षी गेले. १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने आकाराला आला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे. आधी डोंगरउतारावर चर आणि झाडे, मग शेतांची बांधबंदिस्ती, ओढ्यातला बंधारा सर्वांत शेवटी. गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, श्रमदान करायचे, आणि मगच पैसा यायचा. बारामतीच्या पहिल्या तलावांच्या वेळी भूक दारात उभी होती. माथ्यापासून सुरुवात करायला तेव्हा उसंत नव्हती. वर माळ उघडा राहिला आणि त्याची माती दर पावसाळ्यात तलावात येत राहिली. त्या घाईची किंमत आज गाळाच्या रूपाने दिसते.

पाझर तलावात गाळ साठला की नुकसान दुहेरी होते. पाणी कमी मावते हे एक. आणि बारीक गाळाचा थर तळाच्या भेगा बुजवतो, त्यामुळे मावलेले पाणीही मुरत नाही, उन्हात उडून जाते. सरकारने २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ काढायला यंत्रे दिली आणि शेतकऱ्याने तो आपल्या खर्चाने शेतात नेला. मुरमाड रानाला गाळ म्हणजे खतच. पण हे काम दर काही वर्षांनी करावे लागते, आणि दर काही वर्षांनी ते लक्षात ठेवणारे कुणीतरी गावात लागते.

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची एक हकिगत आहे. त्याच्या बापाने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना दिली. नवी विहीर लागली की गराराचे गुराखी पाणी आमचे म्हणून भांडायला येत. दोन विहिरी त्याने भांडणापायी सोडल्या, तिसरीवर भांडण झाले नाही. जिरायती भागातल्या माणसाला या कथेतला एकही तपशील समजावून सांगावा लागत नाही. या भागातल्या मंडळ्यांसमोर मला हाच मजकूर वारंवार वाचला जावा असे वाटते, आणि तोही तलावाच्या बांधावर बसून.

त्यासाठी मंडळीच्या पंचांगात एक दिवस आधीपासूनच आहे. मराठी मंडळ्यांत हंगामाचा सण, म्हणजे कापणीची उपकारस्तुती, मोठ्या हौसेने होतो. बाजरीची कणसे, ज्वारीची ताटे, ऊस, भोपळे, अंडी, एखादा कोंबडा वेदीपुढे ठेवला जातो. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट भावाने जातो, तो घेणारा परत दान करतो, पुन्हा बोली लागते, आणि लहान पोरे ओरडून भाव वाढवतात. या पैशातून चर्चची रंगरंगोटी, पाळकाचा पगार, छपराची डागडुजी होते. ती गरज खरीच आहे. पण ज्या पिकाबद्दल उपकार मानायचे त्याचे पाणी कुठून आले, याचा उच्चार त्या दिवशी झाला पाहिजे. लिलावातला ठरावीक वाटा शिवारातल्या एखाद्या तलावाच्या गाळासाठी काढून ठेवला, तर सरकारी यंत्राच्या डिझेलला तरी हातभार लागेल. आणि पवित्र शास्त्रातल्या रूथसारख्या सरवा वेचणाऱ्या बायका ज्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिने गाळ टाकताना पहिला ट्रॅक्टर अर्ध्या एकरवाल्याच्या रानात नेण्याचा आग्रह धरावा.

चर्चचे छप्पर हेही पाणलोटच आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. दोनशे चौरस मीटरच्या पत्र्यावर बारामतीच्या पावसाचे वर्षाला लाखभर लिटर पडते. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी ऐंशी हजार लिटर आवारातल्या जुन्या विहिरीत उतरवता येते. खर्च पन्हळ, पाइप आणि वाळूच्या गाळणीचा. ती विहीर शेजारच्या वस्तीला खुली ठेवणे मात्र मनावर आहे.

इंदापूरकडे वळले की पाण्याचा प्रश्न उलटा होतो. तिथे पाणी डोळ्यांत मावत नाही एवढे आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८०च्या सुमारास पुरे झाले आणि इंदापूर तालुक्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर पाणी ओसरले की वर येते. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, मासेमारीवर शेकडो घरे चालतात. पण या पाण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी आहे. मुळा-मुठेतून ते भीमेला आणि भीमेतून उजनीत येते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते, शेवाळाने पाणी हिरवे पडते. नदीकाठच्या गावांना पिण्यासाठी दुसरे पाणी शोधावे लागते. पुरंदर उपसा योजनेतून हेच मुळा-मुठेचे पाणी उचलून बारामतीच्या जिरायती भागाकडेही जाते. म्हणजे ज्या गावांनी एकेकाळी गव्हाच्या मजुरीवर पावसाचे स्वच्छ पाणी अडवले, त्यांच्या पाझर तलावांत आता शहराचे मैले पाणी सोडायची वेळ आली आहे, आणि तेही हवेच आहे म्हणून कुणी नको म्हणत नाही.

इथे पुण्यातल्या मंडळ्यांचा संबंध थेट येतो. पंचहौद असो, छावणीतली जुनी दगडी देवालये असोत, मिशनच्या शाळा, वसतिगृहे, इस्पितळे असोत, त्यांचे न्हाणीघरांचे आणि स्वयंपाकघरांचे पाणी मुठेच्या वाटेने इंदापूरला पोहोचते. धर्मप्रांताच्या नकाशावर शहर आणि तालुका वेगळे असतील, नदीच्या हिशेबात ते एका पॅरिशचे आहेत. धर्मप्रांताने पहिले काम म्हणून आपल्या ताब्यातल्या प्रत्येक आवाराचे सांडपाणी कुठे जाते, याची नोंद करावी. मोठ्या वसतिगृहांना आणि इस्पितळांना आवारातच पाणी शुद्ध करून बागेला वापरण्याची सोय करता येते. ते तंत्र साधे आहे, जागाही या संस्थांकडे शहरातल्या कुणाहीपेक्षा जास्त आहे. महापालिकेच्या मैलापाणी प्रकल्पांबद्दल जाब विचारायला मग या मंडळ्यांचा शब्द वजनदार होईल. आणि बिशपांच्या वार्षिक भेटींमध्ये इंदापूर-बारामतीकडचा एक मुक्काम धरावा: सकाळी उपासना, दुपारी तलावावर, आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीत सरपंच, धनगरवाड्यातले लोक, मच्छीमार यांच्याबरोबर पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तलावाचा गाळ आधी उपसायचा, याची बैठक.